डोंगरराजाचं पहिलं वर्ष

५ ऑगस्ट

सहा विरुद्ध पाच. झाले मी!

स्तेइनुनने निकाल वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “हेर्दिस, यंदा डोंगरराजा तू.” मागून बेर्गुर — “राजा कसला, राणी म्हणा की!” सगळे खो खो हसले. पण स्तेइनुन आमच्या मेंढपाळ मंडळाची अध्यक्ष, सत्तरीची, कोणाच्या बापाला भीत नाही. म्हणाली, “पदाचं नाव राजा आहे, बेर्गुर. तू निवडून आला असतास तर तुलाही राजाच म्हणावं लागलं असतं, आणि तेव्हा खरं हसू आलं असतं.”

मीही हसले. पण परत येताना गाडीच्या काचा वर करून एकटीच जोरात ओरडले. सव्वीस वर्षं झाली या गावात लग्न होऊन येऊन. अजून माझी ओळख काय, तर “ग्रीमुरची ती शहरातली, रेक्याविकची बायको.” आता घ्या!

घरी येऊन ओड्डुरना सांगितलं. ग्रीमुरचे वडील. ८१ वर्षांचे. चौतीस वर्षं हे पद त्यांचं होतं. साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत होते. “हं,” म्हणाले. मग — “रेडिओवर हवामान लागलंय. आवाज वाढव.”

एवढंच.

७ ऑगस्ट

ऊनाचा फोन. लेक माझी, शिकायला शहरात. तिच्या मैत्रिणींना यायचंय म्हणे मेंढ्या गोळा करायला, पण नक्की करतात काय, हे त्यांना ठाऊक नाही! मी म्हटलं, सांग त्यांना — जूनमध्ये गावाच्या मेंढ्या करड्या डोंगरावर मोकळ्या सोडतो. सप्टेंबरात एक दिवस ठरवून पंचवीस-तीस माणसं समुद्रापासून कड्यापर्यंत रांग धरतात आणि डोंगर विंचरत खाली येतात. पहाटे सुरू, संध्याकाळी गावात. रांग तुटली की मेंढी मागे गेली. मागे गेली की बर्फात मेली. राजाचं काम एकच — रांग तुटू न देणं.

“आणि तुटली तर?” ऊनाने विचारलं.

तर सहा जण म्हणतील उगाच मत दिलं, आणि पाच जण म्हणतील आम्ही सांगत होतो.

१० ऑगस्ट

ओड्डुर बोलत नाहीत असं नाही. मीठ दे म्हणतात. दार लाव म्हणतात.

गावात सगळे म्हणतात वय झालं म्हणून राजा बदलला. खोटं आहे. वय नाही, दोन वर्षांपूर्वीचा लाव्हा. डोंगराच्या पायथ्याचा अर्धा भाग त्याखाली गेला. मागच्या सप्टेंबरात ओड्डुरनी तरी जुन्याच जागा वाटल्या — “तू तीन बहिणींपाशी उभा राहा, तू जुन्या झऱ्यापाशी.” तीन बहिणी म्हणजे दगडांचे तीन उंच ढीग, शेदीडशे वर्षं उभे होते. आता त्यांच्यावर सात पुरुष उंच काळा दगड आहे. माणसं धुक्यात नसलेल्या जागा शोधत फिरली. चाळीस मेंढ्या वर राहिल्या. नोव्हेंबरात अकरा सापडल्या, त्यातल्या चार जिवंत.

त्यांच्या तोंडावर कोणी बोललं नाही. मताच्या चिठ्ठीवर बोलले. मीसुद्धा चिठ्ठीवरच बोलले! माझं मत मी मलाच दिलं. इथे लिहिते, दुसरं कोणाला सांगणार?

१९ ऑगस्ट

आजचा सहावा दिवस. लाव्ह्याची कड पायाखाली घालते आहे. वर चढायला बंदी आहे, कवच कुठे पोकळ असेल सांगता येत नाही. पाऊस पडला की अजून वाफ येते. पण काठाकाठाने जाता येतं. उजवा बूट फाटला. एका जागी लाव्हा सपाट पसरून थांबलाय, तिला मी तव्याची कड म्हणते. पुढे दोन काळ्या भिंतींच्या मधे गवताची चिंचोळी पट्टी आहे, आत जायला वाट आणि बाहेर पडायला नाही. तो खिसा.

वहीत नकाशा काढलाय. ऊना बघून म्हणाली, “आई, हा तर स्वेटरचा नमुना वाटतोय.” वाटू दे. या गावात हे दुसऱ्या कोणालाही माहीत नाही, एकालाही नाही!

१ सप्टेंबर

ग्रीमुरचा बोटीवरून फोन. मासे बरे आहेत, जेवण वाईट आहे. मग हळूच — “बाबांना कुठे उभं करणार आहेस?”

हाच तो प्रश्न. जागा वाटणं हा राजाचा खरा अधिकार. सर्वांत बाहेरची, कड्याची जागा म्हणजे मान. रस्त्याकडेची म्हणजे म्हातारी आणि पोरं. सूप वाटायच्या गाडीत बसवलं की समजायचं, संपलं.

बेर्गुर परवा दुकानात म्हणाला, “थोरल्यांना सूपाच्या गाडीत बसव गं. लाज राहील त्यांची.” लाज राहील! चौतीस वर्षांच्या राजाने डाव हातात धरून बसायचं!

पण कड्यावर तरी कसं पाठवू? गुडघा वाजतो त्यांचा, मला वरच्या खोलीत ऐकू येतो.

६ सप्टेंबर

यादी लावली. दुकानाच्या दारावर, सगळे वाचत होते आणि मी शेजारी उभी राहून दूध घेण्याचं नाटक करत होते. कड्यावर बेर्गुर — तोंडाळ आहे पण पाय बकऱ्याचे आहेत. मध्यभागी मी. ओड्डुर माझ्या डावीकडे दुसरे.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, “माझी जागा कोणती म्हणे?”

“तव्याची कड.”

“अशी जागा नाही त्या डोंगरावर.”

“आता आहे, बाबा.”

बटाटा सोलत राहिले. मग म्हणाले, “माझ्या आजोबांनी नावं दिली त्या डोंगराला. तू दोन आठवडे फिरलीस.” मी म्हटलं, चार आठवडे. म्हणाले, “मग तर झालंच.”

राग आला. इतका राग आला की भांडी दोनदा धुतली.

१२ सप्टेंबर

उद्या. वारा वायव्येचा, पाऊस नाही. ऊना आली, चार मैत्रिणी घेऊन. पांढरे बूट! लाव्ह्यात पांढरे बूट! गोठ्यातले जुने रबरी काढून दिले.

१३ सप्टेंबर

हात दुखतोय, तरी सगळं लिहिणार. आज नाही लिहिलं तर उद्या बेर्गुर सांगेल ते खरं होईल.

पहाटे पाचला बंदराच्या वाटेवर सत्तावीस माणसं. बचाव पथकाच्या पोराने विषारी वायू मोजायचं यंत्र गळ्यात अडकवलं माझ्या. खुणा समजावल्या — त्या सगळ्यांना पाठच आहेत, पण राजाने सांगायची रीत आहे. लाव्ह्याच्या खाचखळग्यांत फोन लागत नाही की वॉकीटॉकी नीट चालत नाही, म्हणून आमच्याकडे अजून टोपीच. राजाने टोपी काढून डोक्यावर उंच धरली की रांगेने पूर्वेकडे वळायचं. शेजाऱ्याने बघून आपली काढायची, मग त्याच्या शेजाऱ्याने. समुद्रापासून कड्यापर्यंत चार मिनिटांत निरोप जातो.

अकरापर्यंत असं चाललं की बघत राहावं! ऊन पडलं. रांग सरळ. समोर साडेचारशे मेंढ्या, ओरडत, उतरत. दोन्ही बाजूंना नजर टाकली की माणसाशेजारी माणूस दिसत होता आणि प्रत्येकजण मी सांगितलेल्या जागी होता. माझी रांग! छाती भरून आली अगदी. मैत्रिणींपैकी एक चालता चालता रडत होती. विचारलं काय झालं, तर म्हणाली, “काही नाही, छान वाटतंय.” मला कळलं तिचं.

आणि मग तव्याची कड आली. आम्हाला अजून एक किलोमीटर सरळ जायचं होतं.

ओड्डुरना घाम आला. त्यांनी टोपी काढली. डोकं पुसायला! टोपीचा हात वर, दुसऱ्या हाताने टक्कल पुसतायत.

त्यांच्या पलीकडच्याने बघितलं. चौतीस वर्षं तो माणूस टोपी काढतो आणि गाव वळतं. त्याने आपली काढली. पलीकडच्याने त्याची. मला कळायच्या आत एकामागून एक टोप्या वर, बेर्गुरपर्यंत कड्यावर! आणि माझी डावी बारा माणसं शिस्तीत, झोकात, एका पावलात पूर्वेकडे वळली — तीन बहिणींच्या दिशेने, ज्या आता नाहीतच. एकालाही वाटलं नाही की यंदाचा राजा मधे उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर टोपी तशीच आहे!

मधे भगदाड पडलं. मेंढीला भगदाड दाखवावं लागत नाही. स्तेइनुनची काळी-पांढरी म्होरकी मेंढी — ती जाते तिकडे कळप जातो — तिने मान वर करून बघितलं आणि सुटली. मागे साठेक.

मी ओरडले. अख्ख्या डोंगराने ऐकलं. “बाबा! टोपी घाला डोक्यावर!”

त्यांनी घातली. चेहरा पांढरा पडला होता. आपण काय केलं ते त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

बेर्गुर उतारावरून बोंबलत आला — “पळा! तीन बहिणींकडे चालल्यात, आडवे जा!” चार जण निघालेसुद्धा. मी म्हटलं, “कोणीही पळणार नाही. खाली बसा.”

“वेड लागलंय का तुला?”

“बसा म्हटलं ना! उरलेल्या चारशे जागेवर राहू द्यात. त्या साठ कुठे जाणार ते मला माहीत आहे. तीन बहिणींकडे वाट नाही, बेर्गुर. भिंत आहे. भिंतीला लागून त्या खिशात जाणार.”

“कुठल्या खिशात?”

काय सांगू! “माझ्या,” म्हटलं.

राजाने सांगितलं की बसायचं, म्हणून बसले. तोंडं मात्र बघण्यासारखी होती. ऊनाला आणि कुत्रीला घेऊन मी काठाकाठाने निघाले. वीस मिनिटं. नसतील तर? चार आठवडे फिरून काढलेला नकाशा स्वेटरचा नमुनाच निघाला तर?

होत्या. दोन काळ्या भिंतींच्या मधे गच्च उभ्या. म्होरकी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच तिला फसवलं.

ऊना म्हणाली, “आई, तू कसली भारी आहेस!” एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी साडेसहाला शेवटची मेंढी वाड्यात गेली. सात कमी. खिशात साठ नव्हत्या, त्रेपन्न होत्या. सात कुठेतरी वाटेत फुटल्या.

१४ सप्टेंबर

निवडणीचा दिवस. गोल दगडी वाडा, मधे सगळा कळप, भोवती प्रत्येक घराचा कप्पा. कान बघायचा, आपली खूण असेल ती ओढायची. आमची खूण उजव्या कानाचं टोक कापलेलं, डाव्याला भोक. दुपारी गाणी, सूप, धुरावलेलं मांस घातलेली भाकरी, तपकीर, आणि मोठ्यांच्या बाटलीत जे असतं ते.

बेर्गुर एका दगडावर चढला. “यंदा आपल्याला दोन राजे मिळाले! एक यादी लावतो, दुसरा टोपी काढतो!” सगळे हसले. ओड्डुर आमच्या कप्प्याच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांची नजर खाली.

स्तेइनुनने विचारायचं ते विचारलं, रीत आहे — “सात वर राहिल्या. राजा, कशामुळे?”

खरं सगळ्यांनी बघितलं होतं. मला फक्त उच्चारायचं होतं. आणि मागच्या महिन्याभराचा राग होता माझ्याकडे, तेही लिहिते. जिभेवर आलं होतं नाव.

म्हटलं, “माझ्यामुळे. नवीन राजा, जुन्या खुणा. टोपीऐवजी दुसरी खूण ठरवायला हवी होती, माझ्या डोक्यात आलं नाही. सात मी आणीन.”

बेर्गुर दगडावरून उतरला. त्याने बाटली पुढे केली. मी घेतली.

१५ सप्टेंबर

डाव्या टाचेला केवढा फोड!

१६ सप्टेंबर

सकाळी नकाशा टेबलावर पसरून बसले होते. सात मेंढ्या. सगळी कड मी फिरलेली, तिथे त्या नाहीत. ओड्डुर कॉफीचा पेला घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“विधवेचं कुरण,” म्हणाले.

“ते लाव्ह्याखाली गेलं, बाबा.”

“सपाटीला असतं तर गेलं असतं. उंचवट्यावर होतं. लाव्हा चढ चढत नाही.”

“तुम्ही बघितलंत?”

“नाही. मेंढ्यांनी बघितलंय.”

परवानगी काढली, यंत्र गळ्यात. त्यांनीही बूट घातले. काठाने मी पुढे, ते मागे, मी जिथे पाय ठेवते तिथेच पाय ठेवत. गुडघा वाजत होता, दोघांनीही ऐकला नाही. तव्याच्या कडेपलीकडे मला नेहमी वाटायचं की भिंत सलग आहे. ओड्डुर थांबले, करड्या डोंगराचा माथा बघितला, मग समुद्र, आणि काठीने दाखवलं. “इथून आत.” तिथे फट होती! चार आठवड्यांत तीनदा त्या फटीवरून गेले होते मी, सावली समजून.

आत हिरवं कुरण. चारी बाजूंनी काळा दगड आणि मधे गुडघाभर गवत, दोन वर्षं कोणी न चरलेलं. सहा मेंढ्या, गुबगुबीत. सातवी फटीत पाय अडकून मेलेली. ओड्डुरनी खिशातला चाकू काढला, तिचे दोन्ही कान कापून रुमालात बांधले — मालकाला खूण दाखवावी लागते, नाहीतर तो वर्षभर वाट बघतो. बेर्गुरची निघाली.

सहा मेंढ्या खाली उतरवून गाडीत बसल्यावर ओड्डुर समोर बघत म्हणाले, “टोपी माझी होती. तू स्वतःची चूक म्हणून का सांगितलंस?”

“रांग माझी होती.”

मी गाडी सुरू केली. घरापर्यंत दोघांनी हवामान ऐकलं.

१७ सप्टेंबर

सगळ्या उतरल्या! मंडळाच्या नोंदवहीत स्तेइनुनने लिहिलं — वर शिल्लक: एकही नाही. तिने सांगितलं, असं याआधी नऊ वर्षांपूर्वी लिहिलं होतं. तो कागद मी फोनवर टिपून घेतला आणि ग्रीमुरला पाठवला. मग ऊनाला. मग माझ्या बहिणीला रेक्याविकला, जी लग्नाच्या वेळी म्हणाली होती की तू तिथे सहा महिनेही टिकणार नाहीस.

बेर्गुर कान घ्यायला आला. बायकोने दिलेला केक आणला होता. दारात उभं राहून म्हणाला, “तो तुझा खिसा. पुढच्या वर्षी मला दाखवशील का आधी?”

दाखवीन, म्हटलं. जरा थाटातच म्हटलं.

२८ सप्टेंबर

मंडळाने माझा नकाशा मोठा करून दुकानाच्या दारावर लावलाय. तव्याची कड, खिसा, विधवेचं कुरण — छापील अक्षरांत. दूध घ्यायला दिवसातून दोनदा जाते. घरात आता इतकं दूध आहे की ओड्डुरनी विचारलं, कोणी येणार आहे का.

९ ऑक्टोबर

पहाटेपासून जमीन हलत होती. साडेनऊला फाटली, करड्या डोंगराच्या पायथ्यापासून अडीच किलोमीटर. गावाला धोका नाही म्हणतात. बेर्गुरचा फोन — “वर कोणी नाही ना?” म्हटलं, “एकही नाही.” तो रडला. मीही.

दुपारपर्यंत कड गेली, खिसा गेला, चारपर्यंत ते कुरणही. ह्या वेळी लाव्हा चढ चढला. माझा नकाशा अकरा दिवस टिकला.

ओड्डुर दिवसभर खिडकीत उभे होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात आले, माझ्यासमोर कोरी वही आणि पेन्सिल ठेवली, आणि समोरच्या खुर्चीत बसले.

“बरं, राजा,” म्हणाले. “पुढच्या वर्षी मी कुठे उभा राहू?”